'पंच'मधील मोलकरीण

एखाद्या समाजाला कशाची धास्ती वाटते हें पाहावयाचें असल्यास त्याचा विनोद तपासावा, असें आमचें मत आहे. लंडन येथें १८४१ सालीं निघालेल्या 'पंच' या साप्ताहिकांतील नोकरचाकरांवरील व्यंगचित्रें या दृष्टीनें फार बोलकीं आहेत. जॉन लीच (१८१७–१८६४) या चित्रकारानें १८५० नंतरच्या दशकांत मोलकरणींच्या नखऱ्यांवर एक चित्रमालाच काढली. गणवेषधारी नोकरांच्या ऐटीवर त्याची दुसरी माला होती.

या चित्रांचे विषय ठराविक आहेत. मोलकरीण मालकिणीसारखा घेरदार क्रिनोलिन घालून मिरवते. नोकरी मागावयास आलेली बाई उलट मालकिणीचीच परीक्षा घेते. स्वयंपाकघरांत शिरलेला पोलीस धन्याच्या मांसावर ताव मारतो. चित्राखालच्या संवादांत नोकरांचे अशुद्ध उच्चार मुद्दाम उतरविलेले असतात. लीचची रेषा चपळ व प्रसन्न आहे. लांकडी ठसा कोरणाऱ्याच्या हातून गेल्यावरहि तिचा जिवंतपणा हरपत नाहीं. मानेचा एक झोंक, भुवईची एक चढण, एवढ्यावर तो सारा प्रसंग उभा करतो. या कौशल्याची स्तुति आम्ही मोकळ्या मनानें करतों.

परंतु येथें हसतें कोण, आणि कां? मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथांत याचें उत्तर अप्रत्यक्षपणें सांपडतें. वार्षिक हजार पौंड उत्पन्नाच्या घरीं पांच नोकर असावेत, दीडशें-दोनशें पौंडांच्या घरीं सर्व कामांसाठीं एकच मोलकरीण असावी, असें कोष्टक त्यांनीं दिलें आहे. त्या एकट्या मोलकरणीचा पगार सालीना ९ ते १४ पौंड. म्हणजे नोकर ठेवणें ही मध्यमवर्गाची खूणच होती, आणि ज्या घरीं ही खूण एकाच मुलीवर टेकलेली होती तेथें ती फार नाजूक होती. १८५६ पासून पोलादी कड्यांचा क्रिनोलिन निघाला व थोडक्याच काळांत तो मोलकरणींच्याहि आवांक्यांत आला. पोशाखावरून पायरी ओळखण्याची सोय गेली. लीचचें चित्र पाहून मालकीण हसते, तें हें अंतर अजून शिल्लक आहे अशी स्वतःची खात्री करून घेण्यासाठीं.

अतिशयोक्ति हा व्यंगचित्राचा धर्मच आहे, असें यावर कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. पण त्याच 'पंच'मध्यें १८४५-४६ सालीं थॅकरेनें एका नोकराची रोजनिशी लिहिली. त्यांतील नोकराची भाषा अशुद्धच आहे. मात्र तो रेल्वेच्या शेअरांत अकस्मात् श्रीमंत होतो आणि त्याच्याभोंवतीं गोळा होणाऱ्या थोर मंडळींचा खुशामतखोरपणा उघडा पडतो. थॅकरेचा नोकर स्वतः पाहतो व बोलतो. लीचच्या मोलकरणीकडे केवळ पाहिलें जातें. दोघांच्या विनोदांतील हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि या बाबतींत लीच उणा पडतो असें आम्हांस स्पष्ट म्हणावें लागतें.

हें उणेपण एका गोष्टींत विशेष जाणवतें. या चित्रमालेंत मोलकरीण क्वचितच काम करतांना दिसते. तिचें काम काय होतें, हें हॅना कल्विक (१८३३–१९०९) हिच्या रोजनिशींतून कळतें. आर्थर मन्बी या गृहस्थाच्या आग्रहावरून तिनें ती लिहिली आणि पुढें १८७३ सालीं त्याच्याशींच गुप्तपणें विवाह केला. ग्रंथरूपानें ती १९८४ सालीं बाहेर आली. एका सुखवस्तु पुरुषानें वाचावी म्हणून लिहिलेली ही रोजनिशी आहे, हें विसरून चालणार नाहीं. तरी शेगड्या साफ करणें, बूट पुसणें, गुडघे टेकून फरशी व पायऱ्या घासणें, हा रोजचा क्रम तींत साध्या शब्दांत नोंदलेला आहे. तो वाचल्यावर मोलकरणीचा रविवारचा क्रिनोलिन आम्हांस हास्यास्पद वाटेनासा होतो.

वाचकांनीं लीचचीं चित्रें अवश्य पाहावींत. हसूं आलें तर तें दाबूं नये. मात्र त्या चित्रांतील दिवाणखाना इतका लखलखीत कोणीं ठेविला, हेंहि एकदां मनाशीं विचारावें.