जबाबदारी की सिद्धता? : एका जागतिक दस्तऐवजाची भाषा

२००५ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक शिखर परिषदेच्या निष्कर्षपत्रातील १३८ व १३९ हे दोन परिच्छेद आंतरराष्ट्रीय व्यवहारात महत्त्वाचे मानले जातात. जनसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून लोकांचे संरक्षण करण्याचे तत्त्व त्यांत राष्ट्रांनी एकमताने मान्य केले. या परिच्छेदांची चर्चा बहुधा राजनीतीच्या दृष्टीने होते. तथापि, या तत्त्वाच्या दुर्बलतेचे एक मूळ त्यांच्या शब्दयोजनेतच आहे.

१३८ व्या परिच्छेदात प्रत्येक राज्य आपल्या लोकांविषयीची जबाबदारी स्वीकारते व तदनुसार वागण्याचे वचन देते. १३९ व्या परिच्छेदातही, शांततामय उपायांपुरता, ‘जबाबदारी’ हा शब्द टिकून राहतो. परंतु ते उपाय अपुरे पडून राज्य उघडपणे अपयशी ठरत असेल, तेव्हा सुरक्षा परिषदेमार्फत सामुदायिक कृती करण्यास राष्ट्रे केवळ ‘सिद्ध’ आहेत. तीही प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करून. जबाबदारी स्वीकारणाऱ्यास जाब विचारता येतो. सिद्ध असणाऱ्याने आपण सिद्धच होतो, असे म्हटले की प्रश्न संपतो. संकट जसजसे गडद होते, तसतशी दस्तऐवजाची भाषा सैल होत जाते.

दुसरा दोष नामकरणाविषयीचा आहे. राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली ग्रीक व लॅटिन घटक जोडून जनसंहारासाठी नवा शब्द घडविला आणि १९४८ च्या करारामुळे त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले. मराठीत रूढ असलेला ‘वंशविच्छेद’ हा पर्याय त्या मानाने अपुरा होय. कारण हा करार राष्ट्रीय व धार्मिक समूहांनाही संरक्षण देतो. या गुन्ह्यास समूह नष्ट करण्याचा हेतू आवश्यक आहे, आणि हेतू बहुधा कृत्य घडून गेल्यावरच सिद्ध होतो. १९९४ साली रवांडात सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. संहार चालू असतानाच २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना २७० पर्यंत घटविण्याचे ठरविले. ३० एप्रिलच्या तिच्या अध्यक्षीय निवेदनात करारातील व्याख्येचा आशय आला. शब्द मात्र टाळला गेला. तिकडे नभोवाणीवरून तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हटले जात होते. मारणाऱ्यांना शब्दाचा संकोच नव्हता. तो वाचवू शकणाऱ्यांना होता. न्यायालयीन नाव आले ते २ सप्टेंबर १९९८ रोजी, आकायेसू खटल्याच्या निकालात.

अर्थात् नाव हा निवाडा आहे, इशारा नव्हे. स्रेब्रेनित्सासंबंधीच्या २६ फेब्रुवारी २००७ च्या निर्णयात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा भेद ओळखला : गंभीर धोक्याची जाणीव झाली, किंवा होणे अपेक्षित होते, त्या क्षणीच प्रतिबंधाचे कर्तव्य सुरू होते. निष्कर्षपत्राच्या १३८ व्या परिच्छेदात पूर्वसूचनेच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. परंतु सूचना मिळाल्यावर कोणी काय करावे, हे सांगितलेले नाही. सामुदायिक कृतीची कळ ‘अपयशा’वर बसविली आहे, ‘धोक्या’वर नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, धोक्याच्या नावाखाली बलवान राष्ट्रांना हस्तक्षेपाची मोकळीक मिळेल. तो निराधार नाही. १७ मार्च २०११ रोजी लिबियाविषयीच्या ठरावाने ‘सर्व आवश्यक उपायां’ना मुभा दिली. भारतासह ५ राष्ट्रे तटस्थ राहिली, आणि कारवाईची परिणती राजवट कोसळण्यात झाली. पुढे सीरियाच्या प्रश्नावर नकाराधिकार वापरले गेले, त्यात या अविश्वासाचाही वाटा होता. परंतु यातून निष्पन्न होते ते हे की, संदिग्ध शब्द दोन्हीकडून घातक ठरतात : कधी ते निष्क्रियतेस आश्रय देतात, कधी अतिरेकास.

म्हणून धोका दिसताच शस्त्रबळाचे नव्हे, तर ठरावीक व क्रमवार कर्तव्यांचे बंधन असावे : निरीक्षक पाठविणे, निर्वासितांना वाट देणे, उपायांस नकार दिल्यास त्याची कारणे सांगणे. २६ एप्रिल २०२२ च्या ठरावान्वये नकाराधिकार वापरला गेल्यानंतर १० कामकाजी दिवसांत आमसभेची बैठक बोलावली जाते. नकाराचा अधिकार त्याने हिरावला नाही. नकारावर उघड चर्चा मात्र अटळ केली. संरक्षणाच्या तत्त्वास गरज आहे ती अशा, कर्ता, कृती व मुदत निश्चित सांगणाऱ्या वाक्यांची.