नायकाचा दोष आणि त्याची किंमत

'एकच प्याला' शिकवताना परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे: सुधाकराच्या अधःपाताला त्याचे स्वभावदोष कसे कारणीभूत ठरले? उत्तरही ठरलेले असते. सुधाकर मानी, तापट वकील. त्याची सनद काही काळ जाते, तळीराम पहिला पेला हाती देतो आणि राम गणेश गडकऱ्यांचे १९१९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक पाच अंकांत एका घराची राखरांगोळी करते.

निघोजे गावातून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने या उत्तराखाली आणखी चार ओळी लिहिल्या. त्याचे वडील चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगार आहेत. तेही पितात. त्याचे म्हणणे असे की, सनद गेल्यावर सुधाकराला दुःख करायला पाच अंक मिळाले. माझ्या बापाचे दोन खाडे झाले की गेटवर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असतो. या उत्तराला किती गुण द्यावेत, हे मला कळेना.

दोषामुळे कोसळणारा नायक ही कल्पना मुळात ॲरिस्टॉटलची. शोकांतिकेचा नायक कीर्ती आणि वैभव भोगणारा असावा, तो सद्गुणाचा पुतळाही नसावा आणि दुष्टही नसावा, एखाद्या प्रमादाने त्याचे पतन व्हावे, असे तो सांगतो. म्हणजे पडण्यासाठी आधी उंची हवी. आपल्या प्रस्थापित समीक्षेने ही अट निमूटपणे स्वीकारली. ज्याला गावकुसाबाहेरच ठेवले, तो पडणार कुठून? म्हणून त्याच्या दुःखाला 'वास्तवाचे दाहक चित्रण' म्हणायचे आणि शोकांतिकेचा मान मात्र सुधाकराला द्यायचा.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (संग्रह, १९६३) या मापाने मोजून पाहावी. रेल्वेत नोकरी लागलेला निवेदक राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. ती उघड होताच त्याला मारहाण होते. पाठ्यपुस्तकी फूटपट्टीने त्याचा दोष खोटेपणा ठरेल. बागुलांनी तर शीर्षकातच 'चोरली' हा आरोपाचा शब्द घेतला आहे. पण चोरी कशाची? डोक्यावरच्या छपराची! सुधाकर आधी चुकतो, मग शिक्षा भोगतो. इथे शिक्षा जन्मासोबतच ठरलेली आहे, दोष नंतर शोधला जातो. म्हणूनच हा निवेदक मारणाऱ्या हातांच्या पलीकडे मनूकडे बोट दाखवतो.

पण एवढ्यावर थांबलो तर आपणही लबाडी करू. सारा दोष व्यवस्थेचा, असे म्हणून आपले काही लेखक नायकाला धुतल्या तांदळासारखा रंगवतात. अशा नायकाचा माणूस उरत नाही, पत्रक होते. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांनीच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. व्यवस्थेचा गुन्हा त्यांना माहीत नव्हता काय? तरीही त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या वर्तनाचा जाब दिला. ज्याला जाब विचारता येतो, तोच स्वतंत्र माणूस. त्याचा दोष नाकारणे म्हणजे त्याचे कर्तेपण नाकारणे.

तेव्हा समीक्षकाने दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत: दोष कोणता, आणि त्याची किंमत कोणाकडून, किती पटीने वसूल झाली? दुसरा प्रश्न टाळणारी समीक्षा वरच्या जातींची वकिली करते. पहिला टाळणारी समीक्षा आपल्याच घरातल्या पुरुषांची वकिली करते. सुधाकराच्या पेल्याची किंमत सिंधूने आणि तिच्या तान्ह्या बाळाने जिवानिशी भरली. आमच्या वस्तीत ती आमच्या आयांनी भरली आहे. तिथे मनूकडे बोट दाखवून आम्हांला सुटता येणार नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण दिले. खाली लिहिले: आता हेच उत्तर आईच्या बाजूने लिहून आण.