डोंगरात ठोकलेली मेख : कोरियातील पुंगसू-कथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियात प्रदर्शित झालेला जांग जे-ह्यून दिग्दर्शित 'पाम्यो' हा चित्रपट तेथील एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या देशात ही संख्या दुर्लक्षिता येण्यासारखी नाही. 'पाम्यो' म्हणजे थडगे उकरणे. परदेशात हा चित्रपट 'एक्झुमा' या नावाने परिचित आहे. वरवर पाहता तो एक भयपट आहे. परंतु भूमीतून वाहणारी जीवनशक्ती, तिच्या मार्गावर उभारलेल्या वा पुरलेल्या वस्तू आणि राष्ट्राचे भाग्य यांची सांगड घालणारे जे कथन कोरियन समाजमनात दीर्घकाळ वावरत आले आहे, त्याचा हा एक प्रभावी आविष्कार होय. याच कथनाचा दुसरा आविष्कार दगडी होता. सोलच्या राजवाड्यासमोरची जपानी गव्हर्नर-जनरलची कचेरी १९९५-९६ मध्ये पाडण्यात आली. ही इमारत आणि हा चित्रपट यांना शेजारी ठेवून, हे कथन काय सांगते आणि काय झाकते याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वारा, पाणी आणि राजधानी

कोरियन भाषेत या विद्येला 'पुंगसू' म्हणतात. शब्दशः अर्थ वारा आणि पाणी. चिनी 'फेंगशुई' हे त्याच शब्दाचे मूळ रूप. मराठी वाचकाला फेंगशुई परिचित आहे ती दिवाणखान्यातील कासव, बांबू आणि वाजणाऱ्या नळ्यांच्या रूपात. कोरियात मात्र या विद्येचा संबंध दिवाणखान्यापेक्षा थडग्याशी आणि राजधानीशी अधिक राहिला आहे. डोंगररांगांमधून जीवनशक्ती वाहते, योग्य जागी ती साठते, तेथे पूर्वजांना पुरले तर वंशाचा आणि राजवाडा बांधला तर राज्याचा उत्कर्ष होतो, अशी ही धारणा आहे. यी सॉन्ग-ग्ये याने १३९२ मध्ये जोसॉन राजवंश स्थापन केला आणि १३९४ मध्ये राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला, हलवली. तेव्हा पाठीशी बुगाकसान, समोर नामसान, पूर्वेस नाकसान आणि पश्चिमेस इनवांगसान हे डोंगर पाहूनच जागा निश्चित झाली. १३९५ मध्ये बुगाकसानच्या पायथ्याशी ग्योंगबोकगुंग हा राजवाडा उभा राहिला.

या परंपरेचा एक विशेष नोंदवणे आवश्यक आहे. नवव्या शतकातील भिक्षू दोसॉन यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या विचारानुसार सदोष भूमी ही टाकून देण्याची वस्तू नसून उपचार करण्याजोगी रुग्ण आहे. जेथे उणे आहे तेथे मंदिर, मनोरा वा वनराई उभारून भर घालावयाची. सोलच्या सुंगन्येमुन या दक्षिण दरवाजावरील नामफलक आडवा न लिहिता उभा लिहिला आहे. दक्षिणेकडील ग्वानाकसान या डोंगरातील अग्नितत्त्व रोखण्यासाठी तो तसा लिहिला, असे लोक सांगतात. फेब्रुवारी २००८ मध्ये हाच दरवाजा आगीत जळाला. आग लावली ती जमिनीच्या नुकसानभरपाईबाबत असंतुष्ट असलेल्या एका वृद्धाने. डोंगराचे अग्नितत्त्व अडवण्याची व्यवस्था होती. तक्रार ऐकून घेण्याची व्यवस्था कमी पडली.

इमारत

जपानने १९१० मध्ये कोरिया ताब्यात घेतला. १९१५ मध्ये राजवाड्याच्या आवारात औद्योगिक प्रदर्शन भरवण्याच्या निमित्ताने अनेक वास्तू हटवण्यात आल्या. १९१६ मध्ये मुख्य सिंहासनगृहाच्या समोर गव्हर्नर-जनरलच्या कचेरीचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. घुमट असलेली ही भव्य दगडी इमारत राजवाडा आणि शहर यांच्यामध्ये पडद्यासारखी उभी राहिली. राजवाड्याचे मुख्य द्वार ग्वांगह्वामुन तर पाडलेच जाणार होते. जपानी कलाचिंतक यानागी मुनेयोशी यांनी १९२२ मध्ये त्याविरुद्ध लिहिले. पुढे ते द्वार पाडण्याऐवजी राजवाड्याच्या पूर्व बाजूस हलवण्यात आले.

पुंगसूच्या अभ्यासकांनी या घटनेचा अर्थ असा लावला की, बुगाकसानहून उतरणारी जीवनशक्ती राजवाड्यातून राजधानीत आणि तेथून देशभर पसरत होती. तिचा गळाच जपान्यांनी आवळला. याला आणखी एक जोड मिळाली. वरून पाहिल्यास इमारतीचा आराखडा 'सूर्य' या अर्थाच्या चिनी चित्राक्षरासारखा दिसतो. बुगाकसान 'महान' या अर्थाच्या अक्षरासारखा, तर १९२६ मध्येच बांधलेले नगरगृह 'मूळ' या अर्थाच्या अक्षरासारखे. तिन्ही मिळून 'महान जपान' असा शिक्का राजधानीवर उमटवला गेला, असे सांगितले जाते. हे वाचन आकर्षक आहे. मात्र दोन अंतर्गत चौक ठेवून केलेला आराखडा त्या काळच्या मोठ्या सरकारी इमारतींत विशेष नव्हता, कारण आतील खोल्यांना उजेड आणि हवा मिळण्याचा तो सोपा मार्ग होता. शिवाय बुगाकसान जपान्यांनी घडवलेला नाही. शत्रूचा हेतू सिद्ध करण्यासाठी निसर्गालाही त्याच्या पक्षात ओढावे लागते, येथेच या वाचनाची दुर्बलता उघड होते.

याहून गंभीर आक्षेप कालक्रमाचा आहे. कोरिया १५ ऑगस्ट १९४५ रोजी मुक्त झाला. (दोन वर्षांनंतरची हीच तारीख भारतीयांच्या परिचयाची आहे.) त्यानंतरही ही इमारत अर्धशतक उभी होती. ९ सप्टेंबर १९४५ रोजी जपानी शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच इमारतीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी प्रजासत्ताकाच्या सरकारची घोषणा झाली ती येथेच. सप्टेंबर १९५० मध्ये सोल परत जिंकल्यावर ध्वज फडकला तोही याच इमारतीवर. पुढे ती मध्यवर्ती शासनाची कचेरी झाली आणि १९८६ पासून राष्ट्रीय संग्रहालय. ज्या दशकांत दक्षिण कोरियाने दारिद्र्यातून औद्योगिक राष्ट्रापर्यंतची वाटचाल केली आणि १९८८ चे ऑलिम्पिक भरवले, त्या संपूर्ण काळात राष्ट्राचा हा तथाकथित आवळलेला गळा तसाच होता. राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी १९९३ मध्ये इमारत पाडण्याचा निर्णय घेतला. मुक्तीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, घुमटाचा कळस उतरवला गेला आणि १९९६ मध्ये जागा मोकळी झाली. त्यानंतर वर्षभरातच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, हा देश आर्थिक अरिष्टात सापडून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा होता.

यावरून इमारत पाडणे चूक होते असे ठरत नाही. परक्या सत्तेने राजवाड्याच्या छातीवर बांधलेली कचेरी नको असणे ही पुरेशी आणि न्याय्य भावना आहे. तिला शक्तिप्रवाहाच्या समर्थनाची गरज नव्हती. इमारत जपून ठेवावी वा अन्यत्र हलवावी असे म्हणणारेही त्या वेळी होते; त्यांचे म्हणणे असे की, अपमानाचा पुरावाच नष्ट झाला तर पुढील पिढ्यांना तो दाखवणार कसा? हा वाद इतिहासाचा होता आणि इतिहासाच्या भाषेतच तो लढला जावयास हवा होता. उतरवलेला कळस आज चॉनान येथील स्वातंत्र्य स्मारकाच्या आवारात, जमिनीच्या पातळीखाली खोदलेल्या जागेत ठेवला आहे. पाहणाऱ्याने त्याच्याकडे मान खाली करून, वरून पाहावे अशी ही योजना आहे. पुंगसूतील उपचाराचे तत्त्व येथे उलटलेले दिसते. दोसॉनच्या परंपरेत भर घालून भूमी बरी केली जात असे, तर आधुनिक राष्ट्रीय पुंगसूला केवळ काढून टाकणे ठाऊक आहे.

मेख

काढून टाकण्याची ही ओढ सर्वाधिक दिसते ती लोखंडी मेखांच्या बाबतीत. कोरियाची जीवनशक्ती तोडण्यासाठी जपान्यांनी डोंगरमाथ्यांवर मेखा ठोकल्या, हा समज सर्वदूर आहे. १९९५ मध्ये तर त्या शोधून उपटण्याची सरकारी मोहीमच निघाली. उपटलेल्या मेखांपैकी अनेक भूमापनाच्या, लष्करी वापराच्या किंवा खडकावर चढण्यासाठी बसवलेल्या असाव्यात असे अभ्यासकांनी दाखवून दिले. जादूटोण्याच्या हेतूचा लेखी पुरावा मात्र पुढे आला नाही. समर्थक मुरायामा चिजुन यांच्या ग्रंथाकडे बोट दाखवतात. गव्हर्नर-जनरलच्या कचेरीने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेला हा बृहद्ग्रंथ कोरियन पुंगसूविषयीच आहे. राज्यकर्त्यांना प्रजेच्या श्रद्धेची बारकाईने माहिती होती एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते. माहिती असणे आणि मेख ठोकणे यांत अंतर आहे.

परंतु मेख भूमापनाची होती असे म्हणून विषय मिटवणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. १९१० ते १९१८ या काळात वसाहती सरकारने संपूर्ण देशाची जमीन मोजली. त्रिकोणमितीय खुणा रोवल्या गेल्या, नकाशे आणि खातेपुस्तके तयार झाली, करआकारणी पक्की झाली. राजघराण्याच्या व सरकारी जमिनींचा मोठा भाग नव्या सत्तेच्या मालकीचा झाला आणि त्यातील काही ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनीसारख्या जपानी कंपनीकडे गेला. कूळ म्हणून पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याचा परंपरागत हक्क कागदावर कोठेच उरला नाही. १९१२ च्या नियमांनी खाजगी जागेत पुरण्यावरही निर्बंध आणले. म्हणजे शेतकऱ्याने डोंगरावर परक्या माणसाला लोखंड रोवताना पाहिले आणि त्यानंतर त्याची जमीन गेली, वडिलांचे थडगे हव्या त्या जागी बांधता आले नाही. त्याने लावलेला कार्यकारणसंबंध दिशेने बरोबर होता, स्वरूपाने चुकला. खरी मेख महसूलखात्याच्या वहीत होती.

चित्रपट

'पाम्यो'चे बळ असे की, हे सर्व त्याला ठाऊक आहे. मेखा खोट्या असतात, त्या मोजणीच्या असतात, ही शंका चित्रपटातील एक पात्रच बोलून दाखवते. कथा अशी : अमेरिकेत राहणाऱ्या एका श्रीमंत कोरियन कुटुंबात नवजात बालकाला अनाकलनीय व्याधी जडते. तरुण शमन ह्वा-रिम आणि तिचा सहकारी बाँग-गिल, पुंगसू जाणणारा वयस्क सांग-दॉक आणि अंत्यविधी करणारा योंग-गुन हे चौघे पूर्वजाचे थडगे हलवण्याचे काम स्वीकारतात. थडगे उत्तर सीमेजवळच्या एका अशुभ डोंगरावर आहे. पुरलेला पूर्वज जपान्यांचा हस्तक होता, हे हळूहळू उघड होते. कुटुंबाच्या संपत्तीचा उगम देशद्रोहात आहे.

पूर्वार्धाचा हा धागा विलक्षण सामर्थ्यवान आहे. वसाहतवादाचा वारसा येथे परक्या भुतात नसून घरच्या तिजोरीत आहे. वंशज देश सोडून समुद्रापार गेले तरी आजोबा भुकेला राहतो आणि नातवाकडे येतो. पुंगसूची मूळ भाषा, म्हणजे पूर्वजाची अस्थी आणि वंशाचे भाग्य, येथे नैतिक प्रश्न विचारण्यास अतिशय समर्थ ठरते. सहकार्य करणाऱ्यांचे काय झाले, हा तो प्रश्न होय. मुक्तीनंतर १९४८ मध्ये अशांच्या चौकशीसाठी नेमलेली विशेष समिती वर्षभरात निष्प्रभ करण्यात आली. या समितीच्या अध्यक्षांचे नाव किम सांग-दॉक होते. चित्रपटातील पुंगसूतज्ज्ञाला तेच नाव दिले आहे. बाँग-गिल हे नावही १९३२ मध्ये शांघायमध्ये बाँब फेकणाऱ्या क्रांतिकारकाची आठवण देते. गाड्यांच्या क्रमांकांतही १९४५ आणि १५ ऑगस्ट दडलेले आहेत.

मात्र उत्तरार्धात दिग्दर्शक स्वतःच विचारलेल्या प्रश्नापासून दूर जातो. हस्तकाच्या शवपेटीखाली दुसरी, उभी पुरलेली प्रचंड शवपेटी सापडते. तिच्यातून जपानी योद्ध्याचे पिशाच्च बाहेर येते. तेच जिवंत मेख आहे. कोल्ह्याने वाघाची कंबर तोडली, हे रूपक येथे साकार होते. वाघाची कथाही मुळात नकाशावरचा वाद आहे. जपानी भूगर्भशास्त्रज्ञ कोतो बुंजिरो यांनी १९०३ मध्ये कोरियन द्वीपकल्पाचा आकार सशासारखा म्हटला; चोई नाम-सॉन यांनी १९०८ मध्ये आपल्या मासिकात त्याला उत्तर म्हणून वाघ उभा केला. पण या वाघाची कंबर प्रत्यक्षात कोणी तोडली? ऑगस्ट १९४५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी घाईघाईने एका नकाशावर अडतिसाव्या अक्षांशाची रेषा निवडली आणि सोव्हिएत संघाने ती मान्य केली. पिशाच्चाला ओल्या लाकडाने मारता येते. या रेषेला मारण्याचा उपाय सांग-दॉकजवळ नाही, म्हणून चित्रपट तिच्याकडे वळत नाही. सर्वांत मोठी हानी अशी की, पिशाच्च येताच हस्तक आणि त्याची तिजोरी दोन्ही विस्मरणात जातात. शवपेटी जाळली, कुटुंबाचा हिशेब संपला. परका शत्रू आला की घरचा गुन्हेगार सुटतो, ही या संपूर्ण कथनाची जुनी सवय चित्रपटालाही सोडता आलेली नाही.

हीच सवय राजकारणातही दिसते. १९६० मध्ये पदच्युती, १९७९ मध्ये हत्या, पुढे तुरुंगवास आणि महाभियोग, अशी राष्ट्राध्यक्षांची मालिका पाहून त्यांच्या 'ब्लू हाऊस' या निवास-कार्यालयाची जागाच अशुभ आहे असे म्हटले जाई. मे २०२२ मध्ये यून सुक-यॉल यांनी कार्यालय योंगसान येथे हलवले. त्यामागे पुंगसू असल्याचा आरोप झाला आणि तो नाकारलाही गेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच नव्या जागेतून त्यांनी लष्करी कायदा पुकारला आणि एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांचे उत्तराधिकारी ली जे-म्यंग २०२५ च्या अखेरीस पुन्हा ब्लू हाऊसमध्ये परतले.

ग्योंगबोकगुंगच्या उत्तर भागात, १८९५ मध्ये राणी मिनची जेथे जपान्यांनी हत्या केली त्या महालाजवळ, काही पायाचे दगड ठेवलेले आहेत. युवराजाच्या जासॉनदांग या निवासाचे ते दगड. ओकुरा किहाचिरो या जपानी उद्योगपतीने ही वास्तू उतरवून टोकियोला नेली आणि आपल्या निवासाच्या आवारात खाजगी संग्रहालय म्हणून उभी केली. १९२३ च्या भूकंपातील आगीत ती जळून गेली. उरलेले दगड १९९० च्या दशकात कोरियात परत आले, परंतु आगीने ते इतके खिळखिळे झाले होते की पुनर्बांधणीत त्यांचा उपयोग करता आला नाही. त्यांच्याविषयी कोणतीही भूतकथा सांगितली जात नाही. कोणी नेले, केव्हा नेले आणि कोठे ठेवले हे सर्व नोंदलेले आहे.