‘कितीही लहान तुकडा’ : एका वाक्याची तपासणी

‘चुंबक तोडला की दोन चुंबक होतात, कितीही लहान तुकडा केला तरी तो चुंबकच.’ हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. अंबाडीच्या एका वर्गात जुन्या स्पीकरचा चुंबक फोडून दाखवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मग शेवटचा तुकडा केवढा?” ‘रेणूएवढा’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर चूक होते.

वाक्याचा पहिला भाग उत्तम आहे. दोष आहे तो ‘कितीही’ या शब्दात. सुट्या अणूला चुंबकीय गुण असू शकतो. पण चुंबक म्हणजे असंख्य अणूंनी एकाच दिशेला तोंड करून राहणे. उष्णता ही शिस्त मोडू पाहते, शेजारचे अणू ती सावरतात. म्हणूनच काही नॅनोमीटरचा लोखंडाचा सुटा कण नेहमीच्या तापमानाला आपली दिशा टिकवू शकत नाही.

कणाऐवजी पातळ थर घेतला तर? तिथे वरचे-खालचे शेजारीच नाहीत. सर्व दिशा अणूंना सारख्याच सोयीच्या असतील, तर अशा थरात चुंबकत्व टिकणार नाही, असे मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ साली गणिताने दाखवले. पण २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर चिकटपट्टीने सोलून काढला (अभ्रकाचे पापुद्रे निघतात तसा), आणि तो चुंबक निघाला! गणित खोटे ठरले नाही. या स्फटिकात थराला लंब दिशा अणूंना अधिक सोयीची असते. ‘तर’च्या आधीची अटच इथे लागू नव्हती.

या शोधावरच्या लोकप्रिय लेखांविषयीही आमची तक्रार आहे. ‘एका अणूच्या जाडीचा चुंबक’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या थरात क्रोमियमच्या दोन्ही बाजूंना आयोडीन, म्हणजे अणूंचे तीन स्तर असतात. हा चुंबक सुमारे उणे २२८ अंश सेल्सिअसच्या खालीच टिकतो, आणि हवेत उघडा ठेवला तर खराब होतो, हे बहुधा गाळलेच जाते.

‘विजेने चालू-बंद होणारा चुंबक’ हे वर्णन तर वर्गात घोटाळाच करील, कारण मुलांना लगेच खिळ्यावर गुंडाळलेली तार आठवेल. तिथे तारेतला प्रवाह चुंबकत्व निर्माण करतो. २०१८ च्या प्रयोगांत दोन थरांच्या तुकड्याला नुसता विद्युतदाब दिला होता. हे दोन थर मुळात एकमेकांच्या विरुद्ध दिशांचे, त्यामुळे एकूण परिणाम शून्य. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र वापरून त्यांना वळण्याच्या काठावर आणले, की दाब बदलून ते एका दिशेला वळवता येतात. बाहेरच्या क्षेत्राची ही मदत सांगितलीच पाहिजे.

अतिपातळ थरांवर मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, काम चालते. तेव्हा हा विषय अंबाडीपासून फार दूरचा नाही.

आम्ही आता फळ्यावर ‘कितीही लहान’ लिहीत नाही. ‘आपल्याला हाताने करता येईल तेवढा लहान’ असे लिहितो.