'छावा'त गोष्ट कुठे हरवते?

लक्ष्मण उतेकरांच्या 'छावा'त मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती विणकाम करत बसलेल्या औरंगजेबाची. अक्षय खन्ना फारसं बोलत नाही, तरी तो माणूस कळतो. विकी कौशलचे संभाजी महाराज सिंहाशी भिडतात, गर्जतात आणि शेवटपर्यंत अनोळखीच राहतात. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा, सोयराबाईंचा कट, वडिलांशी असलेलं नातं, हे सगळं मांडायला शिवाजी सावंतांना १९७९ साली जाडजूड कादंबरी लागली. इथे ते भराभर उरकलंय. निवांत वेळ मिळतो तो छळाला.

आम्हा नागपूरकरांना हा निव्वळ समीक्षेचा मुद्दा राहिलेला नाही. १७ मार्च २०२५ ला महालात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. औरंगजेबाविरुद्धचा राग 'छावा'मुळे पुन्हा जागा झाला, असं मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. दगड काही सिनेमानं फेकले नाहीत. पण छळ इतका जवळून आणि सुमारे ९ वर्षांचं राज्य नुसतं लढायांच्या तुकड्यांत दाखवल्यावर प्रेक्षक घरी काय नेणार? संगमेश्वरची फितुरी पडद्यावर आहे; ती करणाऱ्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मात्र मला थिएटरातून बाहेर पडेपर्यंत कळलं नाही.