७२ टक्के की ५१ टक्के? आयव्हीएफच्या यशाचा पेपर वाचताना

‘सत्तर टक्के यश’ असं लिहिलेले आयव्हीएफ सेंटरचे बोर्ड तुम्ही पाहिले असतील. हा आकडा खोटाच असतो असं नाही. पण तो कशाला भागून आला, हे बोर्डावर लिहिलेलं नसतं. संशोधनाची तयारी करणाऱ्याने नेमकं तेच शोधायला शिकायचं असतं.

आधी प्रक्रिया थोडक्यात बघू. औषधं देऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक स्त्रीबीजं वाढवतात, ती बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवतात आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. प्रत्येक टप्प्यावर काही जणी गळतात. समजा, १०० जणींनी सायकल सुरू केली, ८० जणींमध्ये भ्रूण सोडता आला, ३२ जणींची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि २४ जणींना मूल झालं. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत.) आता यश किती? ८० पैकी ३२ धरले तर ४० टक्के, ८० पैकी २४ धरले तर ३० टक्के, आणि १०० पैकी २४ धरले तर २४ टक्के. तिन्ही गणितं बरोबर आहेत. पण घरी मूल येईल का, हे विचारणाऱ्या जोडप्याला उत्तर फक्त शेवटचं गणित देतं.

आता खऱ्या पेपरकडे येऊ. बोस्टनमधल्या एका मोठ्या केंद्राचा हा अभ्यास २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ६,१६४ स्त्रिया, १४,२४८ सायकली. निष्कर्ष असा, की सहा सायकलींनंतर मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्के किंवा ५१ टक्के!

एकाच माहितीतून दोन आकडे कसे? कारण बऱ्याच जणी मूल होण्याआधीच उपचार थांबवतात. त्या पुढे गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नाही, म्हणून काहीतरी गृहीत धरावं लागतं. थांबलेल्यांनाही पुढे गेलेल्यांइतकीच संधी होती असं धरलं की ७२ येतात. त्यांना मूल झालंच नसतं असं धरलं की ५१. चाळीशी किंवा त्यापुढच्या स्त्रियांत हेच आकडे ४२ आणि २३ होतात. म्हणजे डॉक्टर, लॅब आणि पेशंट तेच असूनही एका गृहीतकामुळे आकडा जवळपास निम्म्यावर येतो.

लेखकांनी दोन्ही आकडे दिले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. माझा आक्षेप पुढच्या वापराबद्दल आहे. ‘सहा सायकलींनंतर’ हे शब्द गळतात आणि नुसता ७२ फिरत राहतो. १४,२४८ ला ६,१६४ ने भागून बघा, सरासरी सव्वादोनच्या आसपास सायकली येतात. काही जणी मूल झालं म्हणून थांबल्या हे खरं, पण सहापर्यंत पोचणं ही सर्वसाधारण गोष्ट नव्हती. शिवाय मॅसॅच्युसेट्स राज्यात वंध्यत्वाच्या उपचारांना विमा लागू करणारा कायदा १९८७ पासून आहे. आपल्याकडे बहुतेक जोडपी हा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. तिथे थांबण्याची कारणं आणि इथली कारणं एकच कशी धरायची?

ब्रिटनमधल्या १,५६,९४७ स्त्रियांच्या नोंदींवरचा पेपर २०१५ मध्ये जामा या जर्नलमध्ये आला. त्याने मधला मार्ग काढला. थांबलेल्यांपैकी ३० टक्के जणी मूल होण्याची शक्यता कमी म्हणून थांबल्या आणि त्यांची पुढची संधी शून्य, बाकीच्यांची इतरांसारखीच, असं धरलं. पहिल्या सायकलीत २९.५ टक्के आणि सहाव्यापर्यंत ६५.३ टक्के असं उत्तर आलं. पद्धत जास्त समंजस आहे, पण ते ३० टक्केही गृहीतकच आहे. आणखी एक गोष्ट बघा. इथे एक सायकल म्हणजे एकदा स्त्रीबीजं वाढवणं आणि त्यातून मिळालेले ताजे व गोठवलेले सगळे भ्रूण सोडून होणं. ही व्याख्या न बघता हा आकडा दुसऱ्या पेपरच्या शेजारी ठेवू नका.

मला विचाराल तर ७२ हा आकडा खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: सगळ्यांना सहा सायकली करता आल्या तर? ज्या जोडप्याकडे दोनच सायकलींचे पैसे आहेत, कदाचित तेही कर्ज काढून, त्यांना दोन सायकलींचा आणि स्वतःच्या वयाचा आकडा हवा. आपल्याकडच्या २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार क्लिनिकने जोडप्याला यशाच्या शक्यतेची माहिती देणं बंधनकारक आहे. वय आणि छेद न सांगता दिलेली टक्केवारी ही माहिती म्हणायची का?

तेव्हा असा पेपर हातात आला की समासात चार प्रश्न लिहा. अंशात काय मोजलंय, पॉझिटिव्ह टेस्ट की जन्मलेलं मूल? छेदात कोण आहे? वयानुसार आकडे वेगळे दिलेत का? आणि मध्येच थांबलेल्यांचं काय धरलंय? चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा मेथड्समध्ये दडलेलं असतं. तुमच्या विषयातला, माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा एखादा पेपर घ्या आणि आधी हेच उत्तर शोधा.