पहाटे २.५० ते ४.४०

आधी एक साधं गणित करू. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढून वेल होईपर्यंतचं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. लंडनहून आणलेला कॅमेरा चालतो आणि आपल्याला तो चालवता येतो, हे भांडवल देणाऱ्यांना पटवून देण्यासाठी ती केली होती. चित्रण महिन्याहून अधिक चाललं आणि फिल्म मिनिटभराची झाली, असं सांगतात. काही ठिकाणी मात्र ‘रोज एक फ्रेम’ घेतल्याचं लिहिलेलं आढळतं.

आता बघा. त्या काळातल्या मूकपटांचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरू. रोज एक फ्रेम घेतली तर महिन्याच्या तीसेक फ्रेम होतात, म्हणजे फिल्म दोन सेकंदांत संपली. मिनिटभराच्या फिल्मला ९६० फ्रेम लागतात. महिन्यात मिनिटं असतात ४३,२००. भागाकार करा, ४५ येतात. दर पाऊण तासाला एक फ्रेम, दिवसा आणि रात्रीही. फक्त दिवसाउजेडी काम केलं असं धरलं, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. (एकच फ्रेम अनेकदा छापून लांबी वाढवता येते, पण मग वाढ दिसत नाही, उड्या दिसतात.)

‘रोज एक फ्रेम’ हे वाक्य कुणीतरी लिहितो, पुढचे उतरवून घेतात, आणि भागाकार कुणीच करत नाही. तुम्ही पेटची तयारी करत असाल तर ‘साहित्याचा आढावा’ हा शब्द तुमच्या कानावर येऊन आदळला असेलच. आढावा म्हणजे मुख्यतः असे भागाकार.

पण मला सांगायचंय ते दुसरं. दर पाऊण तासाला एक फ्रेम, महिनाभर, हे एकट्या माणसाचं काम नाही. त्याने जेवायचं कधी, झोपायचं कधी, भांडवलासाठी लोकांना भेटायला जायचं कधी? फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं त्या शिकल्या होत्या आणि करत होत्या. वर ‘राजा हरिश्चंद्र’च्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. म्हणजे ही शॉर्ट फिल्म घरानेच केली असणार. गोष्ट मात्र आपण एका माणसाची सांगतो.

शॉर्ट फिल्म कशी करायची हे आपण मुलांना शिकवतो, तेही असंच. या लेखात त्या शिकवण्यावरच माझी टीका आहे, आणि त्यात मीही आरोपी आहे.

फाळक्यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा एक लघुपट केला. चित्रपटनिर्मिती शिकवणारा लघुपट म्हणून आपल्या दृष्टीने हा फारच मोलाचा. त्याचा जो भाग आज बघायला मिळतो त्यात फाळके नटांना हावभाव समजावताना आणि फिल्मची पट्टी हातात धरून बघताना दिसतात. बघायला मजा येते. माणूस खरोखर जादूगार होता. पण नीट पाहिलं तर हा धडा एका माणसाच्या बोटाचा आहे. बोट जिकडे वळतं तिकडे बाकीचे वळतात. काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं कसं, हे त्यात दिसत नाही. शंभर वर्षांनंतरच्या कार्यशाळांमध्ये तोच धडा चालतो: दिग्दर्शक म्हणजे जहाजाचा कप्तान, त्याच्या डोळ्यांसमोर फिल्म असते, बाकीच्यांनी ती प्रत्यक्षात आणायची. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने या बाबतीत थोडा न्याय केला. तिथे बायको, मुलं, घर सगळंच कामाला जुंपलेलं दिसतं, आणि नावातच ‘फॅक्टरी’ आहे. तरी आपण ती बघून बाहेर पडतो ते ‘काय जिद्दीचा माणूस!’ असं म्हणतच.

आता माझी गोष्ट. माझा विषय बियाण्यांच्या उगवणीचा. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बीएस्सीच्या मुलांसाठी विज्ञान-लघुपटाची कार्यशाळा होती आणि मला ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावलं होतं. तज्ज्ञ म्हणजे काय, तर माझ्याकडे ट्रायपॉड होता. मी रीतसर शिकवलं: कल्पना, पटकथा, स्टोरीबोर्ड, लाँग शॉट, क्लोजअप, शेवटी एडिटिंग. सहा-सहा जणांचे गट केले, भूमिका वाटल्या. एका गटाने मूग उगवताना दाखवायचं ठरवलं. भिजवलेले मूग ओल्या टिपकागदावर, वर टेबललॅम्प, समोर मोबाइल. दर दहा मिनिटांनी एक फोटो, ४८ तास. २८८ फ्रेम, सेकंदाला १२ या वेगाने २४ सेकंद. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर फिल्म लुकलुकेल, हे मी आवर्जून सांगितलं होतं. पाळ्या कशा लावायच्या, हे सांगितलं नव्हतं. त्यांनी आपसात लावल्या. मध्यरात्री दोन ते सहा एकच मुलगा, एकटा.

गटातल्या एका मुलीने स्वतःहून वही घातली होती. शंभर पानी, रेघांची. वेळ, फ्रेम क्रमांक, शेरा. मी तसं सांगितलं नव्हतं. तिला सवय होती, प्रॅक्टिकलच्या वहीची.

फिल्म झकास झाली. पाच मिनिटांच्या फिल्ममधले ते २४ सेकंद सुरू झाले तेव्हा सभागृह शांत झालं. एका दाण्याचं टरफल हळूच फाटतं आणि पांढरं मूळ बाहेर डोकावतं, तिथे टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी नेमक्या त्याच क्षणाचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना वही हाताला लागली. पहिल्या रात्रीच्या नोंदी चाळत होते. २.४० ची नोंद आहे. मग बारा ओळी कोऱ्या. मग त्याच अक्षरात: ‘४.५०. झोप लागली. मधल्या १२ नाहीत. सॉरी.’

बारा फ्रेम म्हणजे बरोब्बर एक सेकंद. लॅपटॉपवर फिल्म लावली, मोजत गेले. टरफल फाटतं ते त्याच सेकंदात. २.४० च्या फोटोत दाणा बंद आहे, ४.५० च्या फोटोत मूळ बाहेर आलेलं आहे. मधलं जे आम्ही पाहिलं, ज्यावर टाळ्या पडल्या, ते कुणी टिपलेलंच नव्हतं. एडिटिंग करणाऱ्या मुलाने अ‍ॅपला दोन फ्रेम दिल्या होत्या आणि मधल्या बारा अ‍ॅपने बनवल्या होत्या.

मी त्याला बोलावलं. तो घाबरला नाही. म्हणाला, “ताई, एकच सेकंद तर आहे. आणि तसंच झालं असणार ना?”

यावर थांबून विचार करा, कारण हा प्रश्न तुमच्यापुढे येणार आहे, फिल्ममध्ये नाही तर आलेखात. दोन बिंदूंच्या मधली रेघ तुम्ही काढणारच. ती तुटक काढायची की सलग, एवढाच प्रश्न असतो. बरं, तसंच झालं असणार का? मी उगवण बघत चार वर्षं काढली आहेत. टरफल दर वेळी मूळ जिथे रेटतं तिथून नीट फाटतंच असं नाही. कधी ते बाजूला सरकतं, कधी दाण्याला टोपीसारखं चिकटून राहतं. अ‍ॅपला यातलं काही माहीत नाही. त्याने एका चित्राचं दुसऱ्या चित्रात रूपांतर केलं, बस.

मुलगा लबाड नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्याने वही पाहिलीच नव्हती. फोटो त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून एकगठ्ठा आले होते. मध्ये एक उडी दिसली, ती त्याने गुळगुळीत केली, कारण एडिटर म्हणजे गुळगुळीत करणारा असंच मी शिकवलं होतं. रात्री जागणारा, नोंद ठेवणारी आणि जोडणारा या तिघांचं एकमेकांशी बोलणंच झालं नव्हतं. ‘दिग्दर्शका’मार्फत बोलायचं असतं, हेही मीच सांगितलं होतं. आणि श्रेयनामावलीत वहीवाल्या मुलीचं नाव होतं ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, ज्यांनी टेबललॅम्प दिला त्या काकांच्या खाली.

आता टीकेचा मुख्य मुद्दा. शॉर्ट फिल्म शिकवणारी बहुतेक टिपणं भूमिका शिकवतात, सांधे शिकवत नाहीत. कोण काय करणार हे सांगतात. त्याने केलेलं पुढच्याला कळणार कसं, हे सांगत नाहीत. खरं तर व्यावसायिक सेटवर याचीच सगळी यंत्रणा असते. क्लॅपची पाटी आपण गंमत म्हणून बघतो, पण ती आणि तिच्यासोबतचा कागद, शॉट क्रमांक, टेक, ओके की एनजी, हे सगळं अशा माणसासाठी असतं जो तिथे हजर नाही. पुण्यात एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन, छायांकन, ध्वनी, संकलन हे वेगवेगळे विषय शिकणारी मुलं एकत्र येऊन फिल्म करतात. तिथे हा कागद टाळून चालत नाही. महाविद्यालयीन कार्यशाळेत मात्र ज्याच्याकडे चांगला मोबाइल तो कॅमेरामन, त्याच्याकडेच लॅपटॉप म्हणून तोच एडिटर, आणि बाकीचे चहा आणतात. फिल्म होते. ‘मिळून’ होत नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय. ही माझी कल्पना नव्हे. रशियात क्रांतीनंतर कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता तेव्हा लेव कुलेशोव आपल्या विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायच ‘फिल्म’ बसवून घेत असे. दुसऱ्या दिवशी सराव असा: ‘अ’ गटाने एक साधी कृती आठ शॉटमध्ये टिपायची, समजा चहा करणं. जोडायची मात्र ‘ब’ गटाने, आणि दोन्ही गटांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. मध्ये फक्त एक कागद.

पहिल्या वेळी धमाल उडाली. कागदावर लिहिलेलं: ‘शॉट ४, टेक २, चांगला.’ ‘ब’ गटाने तो वापरला. ‘अ’ गट ओरडायला लागला, अरे त्यात पातेलं रिकामं आहे! लिहिणाऱ्याच्या मते चांगला म्हणजे प्रकाश चांगला. कॅमेरावालीच्या मते चांगला म्हणजे हात हलला नाही. आधण आलेलं पातेलं टेक तीनमध्ये होतं, त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन्ही गट अर्धा तास भांडले. ‘चांगला’ या शब्दावर इतकं गंभीर भांडण मी तरी सेमिनारमध्येही ऐकलेलं नाही. शेवटी मुलांनी स्वतःच कागदावर तीन रकाने पाडले: प्रकाश, हालचाल, काय दिसतंय.

हसू नका. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये एक डबा आहे, त्यावर ‘नवीन’ असं लिहिलंय. लिहिणारे दादा पीएचडी संपवून कधीच गेले. तो डबा कधी नवीन होता, आत काय आहे, फेकावा की ठेवावा, यावर आम्ही दर दिवाळीच्या साफसफाईला चर्चा करतो आणि परत ठेवतो.

श्रेयनामावलीचंही तेच. संशोधनपत्रिकांमध्ये आता ‘क्रेडिट’ नावाची वर्गवारी वापरतात. तिच्यात योगदानाचे १४ प्रकार आहेत: कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, विदा कुणी सांभाळली, पडताळणी कुणी केली, वगैरे. विदा सांभाळणं हे तिथे वेगळं, नाव घेऊन सांगितलेलं काम आहे. मी कार्यशाळेत फिल्म सुरू व्हायच्या आधीच श्रेयनामावली लिहून घेते. काम झाल्यावर लिहायला बसलं की माणसं आठवतात ती शेवटच्या रात्री जागलेली, आणि शेवटच्या रात्री एडिटरच जागा असतो.

आता त्या मुगांचं काय झालं ते सांगते. फिल्म २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुन्हा दाखवायची होती. आम्ही सातजण बसलो. एडिटरचं म्हणणं, उडी तशीच ठेवू. झोपलेल्या मुलाचं म्हणणं, माझं नाव काढा पण फिल्मला हात लावू नका. मी बोलणार होते, तेवढ्यात वहीवाली म्हणाली, “एक सेकंद काळा ठेवू या. आपल्याकडे नाही ना, मग नाही.” एडिटर रुसला, त्याच्या मते फिल्मचा जीवच गेला. पण त्यानेच ते केलं, आणि बनवलेल्या बारा फ्रेम काढून टाकल्या. श्रेयनामावलीत मुलीचं नाव वर गेलं, तिच्यापुढे ‘नोंदी’ असं लिहून.

विज्ञान दिनाला सभागृह भरलं होतं. मूग आले, दाणा फुगला, पडदा काळा झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ए, प्रोजेक्टर गेला!” तोवर मूळ बाहेर आलं होतं. टाळ्या पडल्या नाहीत. फिल्म संपल्यावर अकरावीतली एक मुलगी पुढे आली आणि एडिटरला विचारू लागली की काळ्या भागात नक्की काय झालं होतं. त्याने वही मागवली.